रक्तात की सवयीत?

आजचा भाग अंबरनाथच्या आनंदनगरमधून. आमच्या शेजारच्या काकूंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्यांच्या मुलानं मला विचारलं, "हे आमच्या रक्तातच आहे का रे?"

प्रश्न जुना आहे. आपल्याच लोकलच्या रस्त्यावर, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, डॉ. वसंत खानोलकर याच प्रश्नाच्या मागे होते. १९४९ साली त्यांनी आणि एल. डी. संघवींनी मुंबईतल्या सहा समाजांचे, म्हणजे आपापसातच लग्नं करणाऱ्या समाजांचे, सात आनुवंशिक गुण मोजून छापले. पुढे १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकरांचा तोंड-घशाच्या कॅन्सरवरचा अभ्यास आला. त्यात बोट गेलं तंबाखूकडे. म्हणजे सवयीकडे!

तंबाखू निदान डोळ्यांना दिसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काय? त्या बदलल्या म्हणून कॅन्सर झाला, की कॅन्सरमुळे त्या बदलल्या? आधी कोंबडी की आधी अंडं?

ही गाठ सोडवायची युक्ती १९८६ साली मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञानं 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून सुचवली. त्यांचा विषय होता कोलेस्टेरॉल, पण युक्ती सगळीकडे चालते. जीन्स जन्माआधीच वाटले जातात, पत्त्यांसारखे. नंतर आलेला आजार हातातले पत्ते बदलू शकत नाही. मग पेशी वाढवणारे पत्ते ज्यांना आले, त्यांच्यात कॅन्सर कमी की जास्त, एवढंच बघायचं.

२०२० साली इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या ३,७५७ लोकांच्या रोगप्रतिकारक पेशींची ७३१ मापं जीन्सशी जोडून बघितली गेली. पुढे काटानच्या युक्तीनं युरोपीय वंशाच्या लोकांत दिसलं, की इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त ठेवणारे जीन्स असले, तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका थोडा कमी असतो.

पण थांबा. तो हिशेब तिकडच्या रक्ताचा. खानोलकरांनी मुंबईचा प्रश्न मुंबईच्याच माणसांत तपासला होता, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले दिसले, म्हणून कॅन्सर होणार नाही असं अजिबात नाही.

त्या मुलाला मी म्हटलं, "थोडं रक्तात, थोडं राहणीत. लिंच सिंड्रोमसारखा एखादा दोष घराण्यात उतरतो, म्हणून घरात कुणाकुणाला काय झालं होतं, ते डॉक्टरांना सगळं सांग." आणि मंडळी, शौचातून रक्त पडत असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका. दाखवून या.