रिश्टर यांची न दिसणारी पट्टी

कॅलिफोर्नियात भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी त्यांचा ‘स्केल’ बघायला यायचे. दाखवायला काहीच नसायचे. रिश्टर स्केल हे यंत्र नव्हेच. ती एक आकडेमोड आहे.

यंत्र होते ते वुड-अँडरसन भूकंपमापक. ताणलेल्या उभ्या तारेला तांब्याचा चिमुकला तुकडा, त्यावर आरसा. जमीन हलली की आरसा वळायचा आणि त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर वेडीवाकडी रेघ ओढायचा. अडचण एवढीच, की जवळचा बारका धक्का आणि लांबचा मोठा धक्का कागदावर सारखेच दिसत. आधी अंतर कळायला हवे.

ते कळते लहरींवरून. जमिनीखालच्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकू पाहतात, पण एकमेकांत अडकून ताणत राहतात. एके दिवशी सुटतात आणि साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने पसरते. पहिली लहर खडकाला पुढेमागे दाबत येते. दुसरी आडवी हिसडत, उशिरा. जवळच्या भूकंपात दोघींमधल्या सेकंदांना आठाने गुणले की साधारण किलोमीटर मिळतात. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, तसेच हे.

अंतर मिळाले तरी रेघा मुंगीपासून हत्तीपर्यंत. एका आलेखात मावेनात. लॉगॅरिदम वापरा, हे सुचवले रिश्टर यांचे सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी. (त्यांचे नाव मागे पडले, याला न्याय म्हणवत नाही.) 1935 साली रिश्टर यांनी पट्टी जाहीर केली: 100 किलोमीटरवरच्या त्या यंत्राची रेघ 1 मिलिमीटर उंच गेली, तर 3; 1 सेंटिमीटर गेली, तर 4. रेघ दहापट, ऊर्जा मात्र सुमारे 32 पट. ‘मॅग्निट्यूड’ हा शब्द खगोलशास्त्रातला, आपण ताऱ्याची ‘प्रत’ म्हणतो तो. फक्त तिथे आकडा लहान तितका तारा तेजस्वी, इथे उलटे.

मोठ्या भूकंपांपुढे ही पट्टी थकते. म्हणून 1979 मध्ये हँक्स आणि कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी भेगेची लांबी-रुंदी आणि खडक किती सरकला यांवर बेतलेले दुसरे माप मांडले. शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी तेच वापरतात; आपल्या बातम्यांत अजून ‘रिश्टर’च.

आणि मराठीत आणखी एक घोळ आहे. भूकंप मुळात केवढा, यालाही आपण ‘तीव्रता’ म्हणतो आणि तो आपल्या दारात किती जाणवला, यालाही. 1967 चा कोयनेचा भूकंप 6.3 च्या आसपासचा, 1993 चा किल्लारीचा 6.2 चा. आकडे जवळपास सारखे. पण कोयनेत माणसे गेली दोनशेच्या आतबाहेर, किल्लारीच्या पट्ट्यात हजारो. तिथे गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटेचे चार वाजत आले होते. घरांच्या भिंती दगडमातीच्या, जाडजूड. वर माळवद, आणि माळवदावर वर्षानुवर्षे थापत आणलेली माती.