खेड्यात आलेली विद्या

आपल्या देशात समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत, नागपाड्याच्या कामगार वस्तीत सुरू झाले. त्या टाटा संस्थेचे ग्रामीण केंद्र आपल्या तुळजापुरास निघाले ते १९८६ साली. म्हणजे ही विद्या खेड्यात यावयास पन्नास वर्षे लागली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूरसारखी गावे पाडली. पुनर्वसनात लोकांचे म्हणणे जाणून घेण्याच्या कामी हीच संस्था होती. नव्या गावाचे रस्ते कागदावर आखता येतात. पण गुरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, हे शेतकऱ्यासच विचारावे लागते. क्षेत्रकार्यास येणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला धडा हाच, असे आम्हांस वाटते. तेव्हा, श्रोतेहो, तो दारी आला तर त्यास बसवून घ्यावे आणि खरे ते सांगावे.