पाळणे

मराठीतले ‘पाळणे’ हे क्रियापद मला फार आवडते. आपण गाय पाळतो, वचन पाळतो, एकादशी पाळतो आणि सुतकही पाळतो. चारही गोष्टी वरवर पाहता वेगळ्या, पण आत अर्थ एकच आहे. एकदा अंगावर घेतले की शेवटपर्यंत न्यायचे. दुपारी भूक लागली म्हणून साबुदाण्याऐवजी भाकरी खाल्ली, तर एकादशी अर्धी पाळली असे कोणी म्हणत नाही, मोडली असेच म्हणतात. जनावराच्या बाबतीत मात्र आपण हा अर्थ सोयीने विसरतो. पिल्लू आणले की पाळले असे म्हणतो आणि म्हातारपणाचा विषयच काढत नाही.

या विषयावर लिहायला मी हत्ती-घोडा घेत नाही, एक मूठभर जनावर घेतो. त्याचे नाव जर्बिल. उंदराच्या नात्यातला हा प्राणी. वजन साठ ते शंभर ग्रॅम, डोळे टपोरे, शेपटी केसाळ आणि टोकाला गोंड्यासारखी. आमच्या गोंदियात कोणी तो पाळलेला मी पाहिला नाही. पण युरोप-अमेरिकेत लाखो मुलांच्या बालपणात तो आहे, आणि त्याचा घरात येण्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे.

१८६६ साली आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने उत्तर चीनच्या बाजूने पॅरिसच्या संग्रहालयात काही पिवळसर उंदीर पाठवले. पुढच्या वर्षी, १८६७ मध्ये, मिल्न-एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने त्यांना मेरिओनेस उंग्विक्युलाटस असे नाव दिले. मेरिओनेस हा होमरच्या महाकाव्यातला योद्धा, आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ नखे असलेला. एवढ्याशा जिवाला नखवाला योद्धा म्हणणे म्हणजे आपल्याकडे शेंबड्या पोराचे नाव भीमराव ठेवण्यासारखे!

पुढे जवळजवळ सत्तर वर्षे कोणी त्याच्याकडे फिरकले नाही. १९३५ साली जपानी संशोधकांनी मंगोलिया-मांचुरियाच्या भागात वीस जोड्या पकडल्या आणि जपानमध्ये प्रयोगशाळेत त्यांची पैदास सुरू झाली. १९५४ मध्ये तिथून अकरा जोड्या अमेरिकेत व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे गेल्या. त्यांतल्या अवघ्या पाच माद्या आणि चार नरांपासून तिथला वंश वाढला. १९६४ मध्ये अमेरिकेतून काही जोड्या इंग्लंडला गेल्या. आज पाश्चात्त्य देशांत घरोघरी जे जर्बिल आहेत, त्यांतले बहुतेक या मूठभर पूर्वजांचे वंशज. आपल्याकडे दुकानांत विकायला असतो त्या सोनेरी हॅमस्टरचीही कथा अशीच. १९३० मध्ये सिरियातल्या अलेप्पोजवळ जमीन खणून काढलेल्या एका विणीपासून त्याचा पाळीव वंश वाढला.

हे प्राणी मुळात कोणाच्या मांडीवर बसायला आणलेले नव्हते. जर्बिल आणला तो प्रयोगासाठी. त्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची रचना अशी आहे, की पक्षाघाताचा अभ्यास त्याच्यावर सोपा जातो. काही जर्बिलांना आकडी येते, म्हणून अपस्मारावरचे प्रयोगही त्याच्यावर झाले. जठरात राहणाऱ्या जंतूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे १९९० च्या दशकात जपानमध्ये जर्बिलांवरच्या प्रयोगांतून दिसले. माझ्या वयाच्या माणसांना पक्षाघात आणि जठराचा आजार हे शब्द नवे नाहीत. आपल्या औषधांच्या मागे किती मुके जीव उभे आहेत याचा हिशेब आपण ठेवत नाही.

प्रयोगशाळेतून तो घरात आला तो त्याच्या स्वभावामुळे. तो सहसा चावत नाही आणि त्याच्या अंगाला वासही फार नसतो. वाळवंटातला असल्याने पाणी कमी पितो, मूत्रही थोडेच. पण घरात आणला तरी वाळवंट त्याच्या अंगातून जात नाही. त्याला खणायला खोल भुसा किंवा माती लागते, अंग घोळायला वाळू लागते. नुसत्या पिंजऱ्यात ठेवला तर तो तासन् तास कोपरा खरवडत बसतो. धोका वाटला की मागचे पाय जमिनीवर धपधप आपटून सोबत्यांना सावध करतो. शेपटी धरून त्याला कधी उचलू नये, तिची कातडी सोलून हातात येते. आणि महत्त्वाचे म्हणजे तो एकटा राहू शकत नाही. जोडीने वाढलेल्या दोघांतला एक गेला, की दुसरा मलूल होतो. त्याच्या सोबतीला अनोळखी जर्बिल एकदम सोडला, तर मात्र दोघे रक्त निघेपर्यंत भांडतात.

त्याचे आयुष्य तीन ते चार वर्षांचे. अडीच-तीन वर्षांचा झाला की म्हातारपण दिसू लागते. धावणे कमी होते, झोप वाढते, पाठीवरची हाडे हाताला लागतात. दात वाढून खाणे अवघड होते. म्हाताऱ्या नरांच्या पोटावर गंधग्रंथी असते, तिथे गाठ येते. काहींना पक्षाघात होऊन एक बाजू लुळी पडते. अशा वेळी पाण्याची बाटली खाली आणावी लागते, दाणे मऊ करून द्यावे लागतात, चढायच्या फळ्या काढून टाकाव्या लागतात. वाचकहो, हे सारे ओळखीचे वाटते ना? म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतही हेच करतात. माठ खाली ठेवतात, भात मऊ शिजवतात, उंबऱ्याची भीती घालतात. घरात मूल असेल तर त्याला कोणी वेगळा धडा द्यावा लागत नाही.

आता आपल्याकडे बघू. जर्बिल आपल्या देशातही आहे, फक्त घरात नाही, शेतात आहे. १८०७ साली हार्डविक यांनी वर्णन केलेला भारतीय जर्बिल कोरड्या माळावर, बांधावर बिळे करून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. शेतकऱ्याला त्याचे कौतुक असण्याचे कारण नाही, कारण तो धान्य खातो. आमच्या भागात धानाच्या बांध्यांचे धुरे उंदरांनी पोखरले, की पाणी निघून जाते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. तेव्हा उंदीर म्हटले की शेतकऱ्याचा हात आधी काठीकडेच जातो.

त्यात प्लेगची आठवण. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घरातला काळा उंदीर प्लेगने पटापट मरतो, त्याच्या पिसवा माणसाकडे येतात. शेतातला जर्बिल मात्र त्या जंतूला बराचसा पुरून उरतो, आणि म्हणून रोग त्याच्या बिळांत दबा धरून राहू शकतो. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून आणि मग सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या, तेव्हा या रानउंदरांचे नाव पुन्हा निघाले. मध्य आशियातल्या जर्बिलांचा मध्ययुगीन युरोपच्या साथींशी संबंध असावा, असे २०१५ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनीही मांडले. म्हणजे एकाच कुळातला एक प्राणी मुलांच्या ओंजळीत, आणि दुसरा साथीच्या अहवालात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली.

पाळण्याचा पूर्ण अर्थ कळायला मात्र आमच्या शेजारच्या गडचिरोलीत जावे लागते. भामरागडजवळ हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया लोकांना औषधोपचार करत. एकदा जंगलातून जाताना त्यांना शिकार करून परतणारे माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगून होते. आमट्यांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतले. माडियांची शिकार पोटासाठी होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पुढे लोक अनाथ पिल्ले आणून देऊ लागले. बिबट्या, अस्वल, हरणे, साप, असे मोठे कुटुंब झाले. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ हे पुस्तक याच सहवासावर आहे.

मला तिथली एक गोष्ट सर्वांत मोठी वाटते. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला प्राणी पुन्हा जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीतीही उरत नाही. म्हणजे पिल्लू हातात घेतले त्याच क्षणी त्याच्या म्हातारपणाची जबाबदारीही घेतली. मॅगसेसे पुरस्कार २००८ साली मिळाला. त्याआधीची कितीतरी वर्षे त्या घरात रोज सकाळी कोणाला दूध पाजायचे, कोणाची जखम धुवायची, हेच चालले होते. (कोणी अनुकरण करू नये. परवानगीवाचून वन्य प्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे.)

आणि बैलाचे काय? पोळ्याला आपण त्याच्या शिंगांना रंग लावतो, पुरणपोळी भरवतो. नांगर ओढवेनासा झाला की तो कुठे जातो, हे विचारायचे नाही. ट्रॅक्टरच्या काळात म्हातारा बैल दावणीला ठेवणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही, हेही खरे. मी त्याला बोल लावणार नाही. पण ज्याला परवडते त्यानेही तोच हिशेब करावा, हे मनाला पटत नाही.

म्हणून घरात छोटे जनावर हवे असा मुलांनी हट्ट धरला, तर मी आईवडिलांना इयत्तांचा हिशेब करायला सांगतो. चौथीत आणलेला जर्बिल सातवी-आठवीपर्यंत जातो. तेवढ्यात मूल त्याचे बालपण बघते, भर उमेद बघते आणि थरथरणारे पायही बघते. पिंजरा धुण्याचा कंटाळा येईल, परीक्षा येतील, सुटीत गावाला जाताना अडचण होईल. शेवटच्या महिन्यांत तो खेळणार नाही, नुसता झोपेल. त्या महिन्यांतही दाणे भिजवून देण्याची घरात कोणाची तयारी आहे, एवढे आधी ठरवावे. नसेल तर आणू नये. असेल तर जरूर आणावा, आणि शक्यतो जोडीने आणावा.