शनिवारवाड्यातला चित्रांचा वर्ग

"वहीत चित्रं कसली काढतोस? लिहून घे!" हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलं नाही? माझ्या पुतण्याने मीरा रोडच्या एका शाळेत परवाच ऐकलं. धडा किल्ल्यांचा. फळ्यावरचा परिच्छेद उतरवायचा सोडून याने तटबंदी, बुरूज, पाण्याचं टाकं काढलं आणि बाजूला बाण देऊन दोन-दोन शब्द लिहिले. मिळाला लाल शेरा. (मला विचाराल तर त्या पानावरून किल्ला बांधता आला असता!)

हे फॅड परदेशातून आलंय असं बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून ही पुण्याची गोष्ट.

सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्याकडे गंगाराम तांबट नावाचा चित्रकार काम करायचा. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्याने १७९० च्या नोव्हेंबरमध्ये काढलाय. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला, तिथून पुण्याला. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेचा वर्ग सुरू झाला आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला.

माझ्या मते खरी गंमत वेरूळची आहे. मॅलेटने १७९४ मध्ये वेरूळच्या लेण्यांवर एक लेख लिहिला, तो १७९९ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये छापून आला. त्यासाठी चित्रं काढली गंगारामने. कॅमेरा नव्हता, त्यामुळे लेण्यात काय आहे हे दुसऱ्याला कळवायचं तर काढणं भाग. आणि काढायचं म्हणजे खांब किती, मूर्तीचा कुठला हात वर, छत कुठे टेकतं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. "भव्य खांब आहेत" असं लिहून सुटका होते, चित्रात होत नाही. आमच्या ऑफिसातही तसंच. प्रोग्रॅम नीट कळलाय असं म्हणणाऱ्याला बोर्डावर चार चौकोन काढायला सांगा, दुसऱ्या बाणाला मार्कर थांबतो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ मध्ये हेच मोजून दाखवलं. लोकांना काही शब्द लिहायला दिले, काहींची चित्रं काढायला. चित्रं काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले. चित्र बरं की वाईट, याने फारसा फरक पडला नाही! (ड्रॉइंगमध्ये काठावर पास झालेल्यांनी नोंद घ्यावी.) तेव्हा पुतण्याचा बुरूज वाकडा होता हा मुद्दाच गैरलागू.

असो. पुण्याचा तो वर्ग टिकला नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला, तोही इथे आमच्या साष्टी बेटात, लेण्यांची चित्रं काढण्याचं काम चालू असताना. भाईंदर याच बेटावर, आणि कान्हेरीचा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो तो सलग हिरवा पट्टा आहे ना, त्यातच. मॅलेटही १७९७ मध्ये पुणं सोडून गेला. मुंबईत जे. जे. स्कूल निघालं ते थेट १८५७ मध्ये. मधली साठेक वर्षं कोरडीच म्हणायची.

गंगारामची चित्रं मात्र मॅलेट-वेल्स यांच्या कागदांबरोबर साता समुद्रापार गेली. आज त्यातली बरीचशी अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. तो गेंडा आधी बघा.