बिब्बा उतणे

बिब्ब्याच्या टरफलातला काळा चीक कातडीला लागला की काहींच्या अंगावर पुरळ उठते, आग होते, पाण्याने भरलेले फोड येतात. यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. चेहऱ्यावर तो उतला तर माणूस ओळखू येत नाही. पापण्या सुजून डोळे मिटतात, ओठ जाड होतात, गालांवर लाल चट्टे पसरतात. चिकाचा हात नकळत तोंडावरून फिरतो आणि पापण्यांची कातडी अगदी पातळ असते, त्यामुळे सर्वांत जास्त सोसावे लागते ते चेहऱ्यालाच.

एवढे दाहक फळ घराघरांत आले ते त्याच्या उपयोगांमुळे. चिकात चुना मिसळला की कापडावर धुऊनही न जाणारी काळी खूण उमटते. कोणाचे कपडे कोणते हे ओळखण्यासाठी परीट पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण करत आले. टाचेच्या भेगांना आणि काटा रुतल्या जागी तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देत. लिंबू-मिरचीसोबत बिब्बा दारावर टांगला जाई. टरफलाच्या आतली गोडंबी तर आजही हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवांत पडते.

चरकसंहितेत भल्लातक, म्हणजे बिब्बा, रसायन म्हणून येतो आणि त्याच्याविषयीची सावधगिरीही तिथेच येते. उन्हाळ्याच्या अखेरीस फळे गोळा करावीत, जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवावीत आणि थंडीतच वापरायला काढावीत, असा क्रम आहे. थंड, स्निग्ध, गोड आहाराने शरीर आधी तयार करायचे. काढा पिण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावायचे. मात्रा दहा फळांपासून रोज एकेक वाढवायची आणि तिसापाशी थांबायचे. पुढच्या वैद्यांनी शोधनाची, म्हणजे शुद्ध करण्याची, रीतही बसवली. देठ कापून फळे विटेच्या भुकटीत चोळत, म्हणजे चीक भुकटीत शोषला जाई, आणि मग गरम पाण्याने धूत. चीक कातडीला लागू न देणे, हेच या काळजीचे खरे मोल आहे. आज मात्र बिब्बा औषधी म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात आणि शोधनाचा उल्लेख फारसे कोणी करत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. भारताच्या औषध नियमांत भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे.

गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता याने 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात बिब्ब्याला एक स्वतंत्र संवाद दिला. युरोपातले औषधविक्रेते तेव्हा बिब्ब्यालाच ‘अनाकार्डियम’ म्हणत. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला तोही त्याच शतकात. पुढे 1753 मध्ये लिनिअसने ते नाव काजूच्या वंशाला दिले आणि बिब्ब्याच्या वाट्याला नंतर ‘सेमेकार्पस’ आले. त्याचा अर्थ खुणेचे फळ. नावांची ही अदलाबदल अगदीच अकारण नव्हती. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले आहेत, आणि काजूच्या टरफलातले तेल किंवा कैरीचा चीक लागूनही असेच पुरळ उठते.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. चट्टे नेमके परटाच्या खुणेखाली येत होते. अमेरिकी डॉक्टरांनी 1943 मध्ये या विकाराचे वर्णन छापले. कपडा धुऊन, वाळून आला तरी त्यातली बिब्ब्याची खूण उतत होती.

यामागे चिकातली भिलावनॉल नावाची द्रव्ये आहेत. दाट चीक कातडी थेट भाजतो. त्याहून फसवी असते ती ॲलर्जी. पहिल्या स्पर्शात शरीर ते द्रव्य ओळखून ठेवते आणि पुढच्या वेळी थोडासा चीकही पुरतो. पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही. ते काहींनाच का होते, याचेही उत्तर यातच आहे. त्यासाठी उष्ण प्रकृतीला दोष देण्याचे कारण नाही.

घरगुती उपायांत खोबरे वाटून लावणे, तीळ खाणे आणि लोणी किंवा तूप चोळणे हे जुने. स्निग्ध पदार्थांनी कोरडी पडलेली कातडी मऊ होते, पण ॲलर्जी थांबत नाही. चीक धुण्याआधीच तेल चोळले तर तो आणखी पसरतो. गार पाण्याच्या घड्यांनी आग आणि खाज खरोखर कमी होते. फोड फोडू नयेत.

गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांची कथा औषधी ग्रंथांत नाही. विदर्भ-मराठवाड्यात हे काम बहुतेक गरीब घरांतल्या बायका करतात. दगडावर टरफल फुटले की चीक उडतो. त्यांची बोटे काळी पडतात आणि चेहऱ्यावर डाग राहतात. लाडवातल्या गोडंबीची खरी किंमत त्यांनी चेहऱ्याने मोजलेली असते. हातमोजे आणि चेहरा झाकणारे साधन त्यांना मिळायलाच हवे, आणि ते देणे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचे काम आहे.

चीक लागल्यावर शक्य तितक्या लवकर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे. नखेही घासावीत, तोवर तोंडाला हात लावू नये. पापण्या सुजल्या, ओठ जाड झाले किंवा श्वास जड वाटू लागला, तर खोबऱ्यावर न थांबता लगेच डॉक्टरांकडे जावे.