तयार ठेका आणि घडवलेला आवाज

भीमगीते गाणाऱ्या पार्ट्यांतील तरुण वर्गणी जमवून वाद्य घ्यावयास निघतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात: अरेंजर कीबोर्ड घ्यावा की सिंथेसायझर? आवाज कोणाचा चांगला? प्रश्न दुकानातला वाटतो. मी इतिहास शिकवतो आणि मला तो इतिहासाचाही वाटतो. कारण ‘चांगला आवाज’ कशाला म्हणावे हे आपल्या समाजात निव्वळ कानाने क्वचितच ठरले आहे. ते कोणी ठरवले, हे आधी पाहावयास हवे.

हार्मोनियमचे उदाहरण घ्या. युरोपातून आलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हातपेटी झाले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्यावर बंदी घातली. पेटीचे स्वर पक्के बसवलेले, त्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हा आक्षेप होता. तांत्रिकदृष्ट्या तो खराच होता. बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. परंतु ज्या पेटीला रेडिओचे दार बंद होते, तीच पेटी आंबेडकरी जलशात होती. १९३०च्या दशकापासून भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. पुढे वामनदादा कर्डकांच्या पिढीने तो गायनपार्ट्यांतून वाढवला. मींड निघत नाही म्हणून कोणाचे प्रबोधन अडले नाही.

हलगीची गोष्ट उलट आहे. तिच्या आवाजात उणीव नव्हती. उणीव होती ती वाजवण्याच्या अटीत. गावची मिरवणूक असो, दवंडी असो की मयत, हाक आली की वाजवायचे आणि बदल्यात मिळेल ते पदरात घ्यायचे. १९२७च्या महाड परिषदेनंतर आणि विशेषतः १९५६च्या धर्मांतरानंतर अनेकांनी गावकीची कामे झुगारली, तेव्हा वाद्यही खाली ठेवले. ज्यांचे पोट त्यावरच होते, त्या अनेक मातंग कुटुंबांना ते ठेवता आले नाही. म्हणजे सोडणाऱ्याचा स्वाभिमान आणि न सोडणाऱ्याची भाकरी, दोन्ही खरी होती. अशा वेळी ज्याच्यावर कोणत्याही जातीचे नाव नाही असा कीबोर्ड आला, आणि आपण त्याचे मनापासून स्वागत केले.

आता यंत्राकडे वळू. सिंथेसायझरचा जन्म आवाज घडवण्यासाठी झाला. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अमेरिकेत विजेच्या दाबावर चालणारी यंत्रणा उभी केली. १९७०च्या मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजे. १९८३च्या यामाहा डीएक्स-७ वर सोळा स्वर एकत्र वाजू लागले. १९८८च्या कॉर्ग एम-१ मध्ये खऱ्या वाद्यांचे मुद्रित नमुने साठवलेले होते. अरेंजरचे घराणे निराळे. घरगुती ऑर्गन आणि १९५९ सालचे वुर्लित्झरचे ‘साइडमॅन’ हे ठेक्याचे यंत्र, हे त्याचे पूर्वज. डाव्या हाताने कॉर्ड दाबली की ठेका, बेस आणि साथ यंत्रच पुरवते.

मुद्रित नमुन्यांचा काळ आल्यावर दोहोंच्या मूळ स्वरात पूर्वीइतके अंतर उरले नाही. सिंथेसायझरमध्ये तो स्वर कापता, ताणता, एकावर एक चढवता येतो. अरेंजरमध्ये बराचसा तयार मिळतो. अरेंजरच्या अंगातील छोट्या स्पीकरवरून त्याची पारख करू नये. तार मिक्सरला जोडून ऐकावे. आणि जयंतीच्या मैदानात भोंग्यावर वाजवायचे असेल, तर खर्ज आणि बारकावे भोंगाच खातो. तेथे महाग आवाजाचे पैसे वाया जातात.

तरीही पार्ट्या अरेंजरकडे वळतात, कारण एका माणसात चौघांची साथ भागते. मानधन आणि गाडीभाडे वाचते. गरिबाचा हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्या हिशेबात ढोलकीवाला घरी बसतो. शिवाय तयार ठेक्यांत वॉल्ट्झ, बोसानोव्हा, डिस्को आले. मागाहून दादरा, केरवाही आले. हलगीची चाल मात्र क्वचितच सापडते. जलशातला शाहीर कडवे मध्येच थांबवून लोकांशी बोलत असे आणि ढोलकीवाला त्याच्या श्वासाबरोबर थांबत असे. यंत्र बटण दाबल्याशिवाय थांबत नाही. मग गाणाराच यंत्राच्या मागे धावू लागतो.

यंत्र वाकवता येत नाही असे मात्र नाही. १९८२ साली मुंबईत चरणजीत सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्यांतील टीबी-३०३ हे बेस गिटारची नक्कल म्हणून विकले जाई. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. सिंग यांनी ती रागासाठी वापरली. पेटीत जे नाही म्हणून तिला बाहेर ठेवले, ते विजेच्या यंत्रात मिळाले.

माझे मत असे. साथीला कोणीच नसेल तर अरेंजर घ्यावा. त्यात कमीपणा नाही. पण वस्तीत एक जरी ढोलकीवाला वा हलगीवाला हयात असेल, तर बाहेरचे ध्वनिमुद्रण भरता येईल असा सिंथेसायझर घ्यावा. त्या कलावंताला मानधन देऊन, त्याचे नाव जाहीर करून, त्याचा हात मुद्रित करावा. जमेल तेथे त्यालाच मंचावर बसवावे. गावकीत हलगी हुकमाने वाजत होती. आपल्या मंचावर ती मोबदला घेऊन आणि आपल्या मर्जीने वाजली पाहिजे. वाद्य निवडताना पार्टीने हा विचार आधी करावा, किमतीची घासाघीस नंतर.