रझांची डोंगरावरची गावं

सय्यद हैदर रझा यांच्या चरित्रात फ्रान्स म्हणजे पॅरिस, असं धरून चालण्याची आपल्याला सवय लागली आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते तिकडे गेले, तिथंच नावाजले, १९५६ मध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. पण पुढं त्यांचे उन्हाळे दक्षिणेकडच्या गोर्बिओ नावाच्या खेड्यात जात. आपल्याकडच्या लेखनात या खेड्याला बहुधा 'सुट्टीचं घर' एवढीच ओळ मिळते. मला ती अपुरी वाटते.

गोर्बिओ हे भूमध्य समुद्राजवळचं, मेंतों शहराच्या मागच्या डोंगरावरचं गाव. इटलीची सरहद्द तिथून जवळ. १८६० पर्यंत हा मुलूख फ्रान्सचा नव्हताच, सार्डिनियाच्या राज्यात मोडत होता. चौकात १७१३ साली लावलेला एल्म वृक्ष आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला गोगलगायीच्या रिकाम्या कवचांत ऑलिव्हचं तेल घालून वाती लावतात, आणि त्या उजेडात मिरवणूक निघते. पणत्याच म्हणायच्या. घरं एकमेकांना पाठ लावून, गल्ल्या जेमतेम माणूस जाईल एवढ्या. समुद्राकडून येणाऱ्या लुटारूंच्या धास्तीनं त्या किनाऱ्यावरची अशी कितीतरी गावं उंचावर चढून बसली.

ट्रॉम्बेत राहणाऱ्या माणसाला हे उलटंच वाटतं. आमचा डोंगरही सुमारे ३०० मीटरचा, पण कोळीवाडा खाली खाडीला चिकटून आहे. होड्या जिथं, तिथं घरं. डोंगर तर आता भाभांनी उभारलेल्या अणुकेंद्राच्या कुंपणाआड गेला. (याच भाभांनी आरा, हुसेन या रझांच्या सोबत्यांची चित्रं टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी घेतली, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

मुद्दा असा की, डोंगरावरचं गाव रझांच्या चित्रांत गोर्बिओच्या घराच्या आधीच आलं होतं. १९५१ चं 'ओ-द-कान्य' हे चित्र त्याच किनाऱ्यावरच्या, तशाच उंचावरच्या जुन्या वस्तीचं. त्या एक-दोन वर्षांतल्या चित्रांत घनाकार घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, कुठं वर काळा सूर्य आहे. माणूस मात्र दिसत नाही. मुंबईतल्या रस्त्यांची जलरंगातली चित्रं काढणारा हा चित्रकार; त्याची माणसं गेली कुठं?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे सेझान. १९४८ मध्ये श्रीनगरला आँरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले; चित्रांत गुण आहे पण बांधणी नाही, सेझान पाहा, असं त्यांनी रझांना सुचवलं. सेझान प्रोव्हान्सचा, तेव्हा रझांची नजर दक्षिणेकडे वळणं ओघानंच आलं. हे उत्तर खोटं नाही. पण त्यातून घरांचा आकार उलगडतो, घरांचं रिकामपण नाही.

रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. नागपूरच्या चित्रशाळेत शिकून ते मुंबईला जे. जे. मध्ये आले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्याच वर्षी आई वारली, पुढच्या वर्षी वडील. फाळणीनंतर बहुतेक भावंडं पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. ज्याचं भरलं घर दोन वर्षांत असं ओस पडलं, त्याच्या हातून लगेच पुढं निर्मनुष्य गावं रंगवली गेली, याला मी योगायोग म्हणणार नाही. रझांनी तसं म्हटल्याचा दाखला मी देत नाही. हे माझं वाचन आहे.

जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी १९५९ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि कालांतरानं तसल्याच एका गावात त्यांचं घर झालं. तिथं चित्रशाळाही होती. म्हणजे सुट्टी नावापुरती. बिंदू, पंचतत्त्व, कॅनव्हासवर उमटणारी देवनागरी अक्षरं हा रझांचा पुढचा प्रवास आपण मंडल्याच्या जंगलाशी, नर्मदेशी जोडतो, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्या जंगलाची आठवण काढायला बसण्याची एक जागा भूमध्य समुद्राच्या वरच्या अंगाला होती, हेही लिहून ठेवायला हवं.

२००२ मध्ये जानीन गेल्या. २०१० च्या अखेरीस, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रझा दिल्लीला परतले. २३ जुलै २०१६ रोजी ते वारले. दफन मंडल्याला झालं, वडिलांच्या कबरीशेजारी.